चार अंशांऐवजी दहा : दात्याची फुप्फुसे रात्रभर टिकवण्याचे प्रकरण

फुप्फुस-प्रत्यारोपण करणाऱ्या केंद्रांत रात्रीचे काम ही नित्याची गोष्ट आहे. दाता ज्या रुग्णालयात असतो तिथली थिएटरे दिवसभर ठरलेल्या शस्त्रक्रियांत गुंतलेली असतात. मेंदूमृत्यूच्या तपासण्या, कुटुंबाची संमती, रक्तगट जुळवणे, कोणता अवयव कुठे जाणार हे ठरवणे, या साऱ्यात दिवस सरतो आणि अवयव काढायला सुरुवात होते ती संध्याकाळनंतर. रात्री आठला दात्याच्या शरीरातला रक्तप्रवाह थांबला, तर घड्याळ तिथून सुरू होते. जुना दंडक सांगतो की फुप्फुसे सहा ते आठ तासांत नव्या छातीत जोडली गेली पाहिजेत. म्हणजे रुग्णाला मध्यरात्री उठवून थिएटरात न्यायचे आणि आधीच दिवसभर राबलेल्या सर्जन, भूलतज्ज्ञ, परिचारिका यांनी पहाटेपर्यंत धमन्या, शिरा आणि श्वासनलिका शिवत उभे राहायचे.

कॅनडातल्या टोरांटो जनरल हॉस्पिटलने या परिस्थितीवर एक साधा प्रश्न विचारला : ही फुप्फुसे सकाळपर्यंत थांबू शकतील का?

हा प्रश्न तिथून यावा यात नवल नाही. माणसात पहिले फुप्फुस-प्रत्यारोपण १९६३ साली अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात जेम्स हार्डी यांनी केले. तो रुग्ण १८ दिवस जगला. पुढची वीस वर्षे जगभर प्रयत्न होत राहिले, पण बहुतेक रुग्ण दिवस-आठवड्यांत दगावले. ही कोंडी फुटली १९८३ मध्ये टोरांटोत. जोएल कूपर यांनी बसवलेले एक फुप्फुस घेऊन त्यांचा रुग्ण सहा वर्षांहून अधिक जगला. तेव्हापासून हे रुग्णालय या विषयाचे माहेरघर आहे.

आता फुप्फुसे नेणाऱ्या पेटीत नेमके काय घडते ते नीट पाहावे लागेल, कारण सगळे प्रकरण त्यावरच उभे आहे.

दात्याच्या महारोहिणीला, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य धमनीला, चिमटा लागतो त्याच्या आसपास फुप्फुसधमनीत नळी घालून थंड द्रावण सोडतात. त्याआधी प्रोस्टाग्लँडिन देतात, म्हणजे धमन्या सैलावतात आणि द्रावण कानाकोपऱ्यापर्यंत पोहोचते. द्रावण असते कमी पोटॅशियमचे आणि डेक्स्ट्रान घातलेले. सर्जन त्याला 'पर्फाडेक्स' या व्यापारी नावानेच ओळखतात. आतले रक्त धुऊन निघाले की गुलाबी-लाल फुप्फुस पांढरे पडते. मग बाहेर काढल्यावर फुप्फुसशिरांमधून उलट्या दिशेने पुन्हा धुतात. त्यात बारीक गुठळ्या बाहेर आल्या तर त्या दिसतात, आणि त्या दिसणे ही मोठी माहिती असते. शेवटी फुप्फुसात ऑक्सिजन मिसळलेली हवा भरून, ते अर्धवट फुगलेले ठेवून श्वासनलिका स्टेपल करतात. एकात एक अशा तीन निर्जंतुक पिशव्या, आणि बाहेर बर्फ भरलेली पेटी. या पद्धतीला 'चार अंशांवर साठवणे' म्हणतात. बर्फाला टेकलेल्या पिशवीत तापमान त्याहूनही खाली, शून्याजवळ जाऊ शकते.

फुगवलेले फुप्फुस हा तपशील इथे फार मोलाचा आहे. मूत्रपिंड, यकृत, हृदय यांचा रक्तपुरवठा तुटला की त्यांचा ऑक्सिजनही तुटतो. फुप्फुसाच्या कोट्यवधी वायुकोशांत, म्हणजे हवेच्या सूक्ष्म पिशव्यांत, मात्र ऑक्सिजन शिल्लक असतो. रक्त नसले तरी त्याच्या पेशी श्वसन करत राहू शकतात, मंद गतीने का होईना. म्हणजे हा अवयव पेटीत ठेवलेला असतानाही जिवंत व्यवहार करू शकतो, तशी मुभा आपण त्याला दिली तर.

थंडी का, याचे उत्तर सोपे आहे : तापमान दहा अंशांनी उतरले की पेशींचा खर्च साधारण निम्म्यावर किंवा त्याहून खाली येतो. मग जितके थंड तितके चांगले, असे वाटणे साहजिक होते. पण थंडीची स्वतःची किंमत असते. पेशीच्या आवरणावर सोडियम बाहेर फेकणारे आणि पोटॅशियम आत घेणारे पंप असतात. फार थंडीत ते जवळजवळ बंद पडतात, सोडियम आत साचतो, त्यामागून पाणी येते, पेशी फुगतात. पेशीत कॅल्शियम वाढतो. मायटोकॉन्ड्रियांची रचना बिघडते, आणि पुन्हा गरम रक्त आले की ऊर्जा तयार करण्याऐवजी त्या घातक ऑक्सिजन-रेणू सोडू लागतात. निफाडच्या द्राक्षबागायतदाराला हे वेगळे सांगायला नको : दहा अंशांच्या पहाटेला बाग सोसते, पण पारा चारकडे घसरला की तो रात्रभर शेकोट्या पेटवून बसतो. चार आणि दहा यांत आकड्याने थोडेच अंतर आहे, जिवंत पेशीच्या दृष्टीने ते फार आहे.

या प्रकरणातली मला सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट अशी की हे उत्तर जुने आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस सशांच्या फुप्फुसांवर वेगवेगळी तापमाने तपासली गेली, तेव्हाच दहा अंशांचा निकाल सरस दिसला होता. १९९२ मध्ये हिरोशी दाते आणि सहकाऱ्यांनी कुत्र्यांच्या फुप्फुसांवरचा अभ्यास छापला. निष्कर्ष शीर्षकातच होता : फुप्फुस दहा अंशांवर ठेवणे चार अंशांपेक्षा चांगले. त्यांनी फुप्फुसाचे काम तर मोजलेच, शिवाय पेशींच्या ऊर्जेचे चलन असलेल्या एटीपीची पातळीही चुंबकीय अनुनादाने मोजली. लेखकांत जोएल कूपर होते, तेव्हा ते टोरांटो सोडून सेंट लुइसला गेले होते. याच दाते यांनी पुढे क्योटो विद्यापीठात कोविडने फुप्फुसे गेलेल्या महिलेला २०२१ मध्ये जिवंत दात्यांच्या फुप्फुसांचे भाग बसवले.

म्हणजे १९९२ पासून हे छापील स्वरूपात उपलब्ध होते, आणि तरी जवळजवळ तीस वर्षे जगभरच्या पेट्यांत बर्फच राहिला. का? बर्फ कुठेही मिळतो. मूत्रपिंड, यकृत, हृदय आणि फुप्फुस काढणारी पथके एकाच थिएटरात असतात, सर्वांना एकच सोय पुरते. बर्फ वितळेपर्यंत आपले तापमान आपणच सांभाळतो, त्याला वीज लागत नाही. उलट दहा अंश राखायचे तर यंत्र हवे, आणि ते गाडीत-विमानात हलवता येण्याजोगे हवे. शिवाय पारा थोडा वर सरकला तर काय, ही भीती. पण माझ्या मते याहून मोठे कारण म्हणजे सहा-आठ तासांत काम उरकण्याची सवय लागली होती आणि ते उरकतही होते. रात्रीच्या जागरणाची किंमत कुठल्याच आलेखावर येत नव्हती. जे मोजले जात नाही, त्यावर उपाय शोधायची घाई कुणाला नसते.

मधल्या काळात टोरांटोने वेळेचा प्रश्न दुसऱ्या वाटेने सोडवायचा प्रयत्न केला, तोही सांगितला पाहिजे. स्वीडनमधल्या लुंडचे स्टिग स्टीन यांनी शरीराबाहेर फुप्फुस तपासण्याची रीत दाखवली होती. ती पुढे नेऊन शाफ केशवजी, मार्सेलो सिपेल आणि सहकाऱ्यांनी पारदर्शक घुमटाखाली फुप्फुस ठेवून, ३७ अंशांवर द्रावण फिरवत आणि व्हेंटिलेटरने हळुवार श्वास देत ते तासन् तास चालते ठेवले. २०११ मध्ये त्यांनी छापलेल्या चाचणीत शंकास्पद वाटणाऱ्या २३ दात्यांची फुप्फुसे या यंत्रावर चढवली, त्यांतली २० दात्यांची वापरता आली. हे काम क्रांतिकारकच आहे. फुप्फुस बरे आहे की नाही हे यंत्र दाखवते, काही वेळा सुधारतेही. पण त्याला महागडे साहित्य लागते आणि तासन् तास पहारा देणारी प्रशिक्षित माणसे लागतात. ज्या फुप्फुसात मुळात काही दोष नाही, केवळ सकाळ होण्याची वाट पाहायची आहे, त्यासाठी एवढा खटाटोप कोण करणार?

तिथे दहा अंशांची जुनी वही पुन्हा उघडली गेली. आदिल अली, सिपेल आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये 'सायन्स ट्रान्सलेशनल मेडिसिन'मध्ये जे छापले ते तीन पायऱ्यांचे होते. पहिली : डुकरांची फुप्फुसे ३६ तास साठवली, काही चार अंशांवर, काही दहावर, आणि मग यंत्रावर चालवून पाहिली. डुकराची फुप्फुसे आकाराने आणि रचनेने माणसाच्या जवळची, म्हणून ही परीक्षा वजनदार. दहा अंशांवरची अधिक लवचीक राहिली, त्यांत सूज कमी आली. दुसरी पायरी कारणाची. दहा अंशांवर ठेवलेल्या ऊतीत इटॅकोनेट, ग्लुटामिन यांसारखे मायटोकॉन्ड्रियांना सांभाळणारे पदार्थ जास्त आढळले. म्हणजे पेशी नुसती निपचित पडून राहिली नव्हती, मंद आचेवर का होईना स्वतःची डागडुजी करत होती. वायुकोशांतला तो ऑक्सिजन इथे कामी आला. तिसरी पायरी माणसांची : पाच रुग्णांना अशी साठवलेली फुप्फुसे बसवली गेली, आणि ती चालली.

पाच रुग्णांवरून पद्धत बदलत नाही, बदलूही नये. म्हणून टोरांटो, व्हिएन्ना आणि माद्रिद अशा तीन केंद्रांनी मिळून पुढचा अभ्यास केला आणि २०२३ मध्ये 'एनईजेएम एव्हिडन्स' या वैद्यकीय नियतकालिकात छापला. त्याची आखणी मला विशेष आवडते, कारण ती थेट थिएटरातल्या अडचणीला भिडते. दात्याच्या महारोहिणीला चिमटा संध्याकाळी ६ ते पहाटे ४ या वेळेत लागला असेल, तर फुप्फुसे नेहमीप्रमाणे बर्फातूनच केंद्रात आणायची. तिथे पोहोचली की बर्फातून काढून दहा अंश तापमान स्थिर ठेवणाऱ्या इन्क्युबेटरमध्ये ठेवायची. रुग्णाची शस्त्रक्रिया सकाळी ६ च्या आधी सुरू करायची नाही. असे ७० रुग्ण झाले. तुलनेसाठी जुन्या पद्धतीने झालेले, प्रकृतीने त्यांच्याशी मिळतेजुळते १४० रुग्ण निवडले.

प्रत्यारोपणानंतर सर्वांत धास्तीचे तीन दिवस पहिले. नव्या छातीत रक्त वाहू लागले की साठवणुकीत झालेली इजा उघडी पडते : वायुकोश पाण्याने भरतात, ऑक्सिजन रक्तात उतरत नाही, काहींना इकमो, म्हणजे शरीराबाहेर रक्तात ऑक्सिजन मिसळणारे यंत्र, लावावे लागते. ७२ तासांनी याची सर्वांत गंभीर श्रेणी दहा अंशांच्या गटात ५.७ टक्के रुग्णांत दिसली, जुन्या पद्धतीच्या गटात ९.३ टक्के रुग्णांत. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरत नाही, म्हणजे दहा अंश अधिक चांगले ठरले असे यावरून म्हणता येत नाही. वाईट नाहीत, एवढे म्हणता येते. पण या प्रकरणात तेवढेच हवे होते. कितीतरी तास जास्त थांबूनही फुप्फुस बिघडले नाही, हाच निकाल आहे.

आक्षेप घ्यायला जागा आहे आणि ती लपवू नये. चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडलेले नव्हते, तुलना निवडलेल्या जुन्या रुग्णांशी होती. यंत्रावर तपासावी लागतील अशी शंकास्पद फुप्फुसे या अभ्यासात नव्हती, त्यामुळे दुबळ्या फुप्फुसाला इतका वेळ झेपेल का हे त्यातून कळत नाही. तिन्ही केंद्रे अनुभवाने मुरलेली आहेत. आणि बरीच वर्षे टिकलेल्या फुप्फुसाला पुढे जो जुनाट अस्वीकार, म्हणजे शरीराने परक्या अवयवाला हळूहळू नाकारणे, ग्रासतो, त्याबद्दल एवढ्या मुदतीत बोलता येत नाही. तरीही प्राण्यांतला तीस वर्षांपूर्वीचा निकाल, पेशीपातळीवरचे कारण आणि तीन देशांतले रुग्ण, तिन्ही एकाच दिशेला बोट दाखवत असतील तर तो पुरावा मला पक्का वाटतो.

यातून रोजच्या कामात काय बदलते, ते थिएटरात उभ्या राहणाऱ्यांना लगेच उमगेल. रुग्ण झोप पुरी करून येतो. रक्तपेढी, प्रयोगशाळा, फिजिओथेरपी सगळे जागेवर असतात. जुळणीच्या अवघड तपासण्यांचा निकाल हाती येईपर्यंत थांबता येते. ज्यांच्या रक्तात परक्या ऊतींविरुद्ध प्रतिपिंडे आधीच आहेत, त्यांच्यासाठी हे काही तास फार मोलाचे. एकाच रात्री दोन दाते आले तर एकाला नकार द्यावा लागत नाही. आणि अंतर. जुन्या दंडकात जे शहर फार दूर म्हणून यादीबाहेर राहायचे, ते आत येते.

अंतर म्हटले की आपल्याकडचे नोव्हेंबर २०२३ मधले प्रकरण आठवल्यावाचून राहत नाही. पिंपरीत दान झालेली फुप्फुसे चेन्नईतल्या २६ वर्षांच्या रुग्णासाठी निघाली होती. ती घेऊन विमानतळाकडे जाणाऱ्या रुग्णवाहिकेला दापोडीच्या हॅरिस पुलावर अपघात झाला. आत नवी मुंबईहून आलेले सर्जन डॉ. संजीव जाधव आणि त्यांचे पथक होते. लागलेले असतानाही त्यांनी पेटी दुसऱ्या गाडीत घातली, पुणे विमानतळ गाठला, चेन्नईला पोहोचले, आणि तिथे शस्त्रक्रिया पार पडली. त्या माणसांच्या धैर्याला तोड नाही. पण मी हे प्रकरण वाचतो तेव्हा माझे लक्ष त्या पेटीकडेही जाते. सहा तासांचा काटा डोक्यावर असल्याने जखमी सर्जनला स्वतःकडे पाहायलाही उसंत नव्हती. पेटीतले तापमान दहावर स्थिर धरता आले असते आणि हाती बारा तास असते, तर त्या पुलावरून निघण्याची घाई वेगळी असती.

आपल्याकडे फुप्फुस-प्रत्यारोपणाचा मोठा वाटा चेन्नई आणि हैदराबाद या दोन शहरांतल्या केंद्रांचा आहे. महाराष्ट्रात मुंबई-पुण्यात केंद्रे सुरू झाली आहेत, तरी नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगरला दाता मिळाला की फुप्फुसांचे गणित विमानाच्या वेळेवर येऊन अडते. व्यापारी विमान मिळाले तर ठीक, नाहीतर लाखो रुपयांचे खासगी विमान, आणि तो खर्च बहुतेकदा रुग्णाच्या कुटुंबावर. ग्रीन कॉरिडॉरचे आपल्याला योग्य कौतुक आहे. वाहतूक पोलिस मिनिटांचा हिशेब लावून रस्ता मोकळा करतात आणि चौकाचौकांत लोक बाजूला होतात. त्यातून अर्धा तास वाचतो. दहा अंशांची पेटी त्याच्या कितीतरी पट वेळ देते, आणि रात्री विमान नसले तर सकाळचे पहिले विमान पुरेसे ठरते.

त्यासाठी लागते काय? तापमान स्थिर राखणारी, बॅटरीवर चालणारी पेटी, जी मे महिन्यात विदर्भात ४५ अंशांच्या उन्हात गाडीत ठेवली तरी दहापासून हलणार नाही. आतल्या तापमानाची मिनिटामिनिटाची नोंद, म्हणजे स्वीकारणाऱ्या सर्जनला वाटेत काय झाले ते दिसेल. पेटी कुणाकडे असेल याची व्यवस्था. माझे मत असे की ती एकेका रुग्णालयाने घेण्याऐवजी विभागीय प्रत्यारोपण समन्वय समित्यांच्या ताब्यात असावी, मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर या चारही ठिकाणी. शरीराबाहेर फुप्फुस चालवणाऱ्या यंत्राच्या मानाने हा खर्च अगदीच आवाक्यातला आहे. अट एकच : या रुग्णांची नोंद प्रामाणिकपणे ठेवून ७२ तासांचे आणि वर्षाचे निकाल छापले पाहिजेत, कारण आपल्या दात्यांची फुप्फुसे टोरांटोच्या दात्यांसारखी नाहीत.

हा शेवटचा मुद्दा थोडा उलगडतो. पेटी फुप्फुस टिकवते, खराब झालेले बरे करत नाही. जगभरातच अवयव देणाऱ्या दर पाच दात्यांत जेमतेम एकाची फुप्फुसे वापरता येतात. मेंदूला इजा झाली की फुप्फुसांत पाणी चढते, बेशुद्धीत पोटातले घशातून खाली उतरते, आणि व्हेंटिलेटरवरच्या दिवसांत न्यूमोनिया जडतो. आपल्या १९९४ च्या कायद्यानुसार मेंदूमृत्यूची तपासणी चार डॉक्टरांच्या मंडळाने सहा तासांच्या अंतराने दोनदा करायची असते. ते योग्यच आहे, पण त्या तासांत फुप्फुसाची निगा राहिली पाहिजे. २०१० मध्ये छापलेल्या अभ्यासात इटली आणि स्पेनमधल्या आयसीयूंत लुसियाना माशा यांच्या गटाने ११८ दात्यांवर हेच तपासले. मोठ्या श्वासांऐवजी वजनाच्या किलोमागे ६ ते ८ मिलिलिटरचे छोटे श्वास, श्वास सोडल्यावरही ८ ते १० सेंटिमीटर पाण्याइतका दाब, ॲप्नियाच्या तपासणीत, म्हणजे दाता स्वतः श्वास घेतो का हे पाहताना, नळी उघडी न टाकता दाब कायम, आणि श्वासनलिका साफ करताना व्हेंटिलेटरची जोडणी न सोडणे. बाकी काही नाही. प्रत्यक्ष वापरण्यासाठी काढता आलेली फुप्फुसे २७ टक्क्यांवरून ५४ टक्क्यांवर गेली.

व्हेंटिलेटरवरची ही बटणे नांदेडच्या, सोलापूरच्या, पणजीच्या आयसीयूतही आहेत. मेंदूमृत्यूची पहिली तपासणी ठरली की ती बदलायची, अशी एक ओळ आयसीयूच्या लेखी सूचनांत घातली तर पेटी येईपर्यंतही थांबावे लागणार नाही.